गृध्रसी, स्थानिक बधिरीकरण आणि उंच प्रदेश

गृध्रसीत स्फिक्, कटी, ऊरू, जानु, जंघा व पाद या क्रमाने स्तंभ, रुजा व तोद उत्पन्न होतात. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथील शीत व रूक्ष देश वातप्रकोपास अनुकूल असल्याने, लडाखला निघालेले रुग्ण ‘वेदना वाढल्यास तेथे इंजेक्शन घ्यावे काय?’ असे विचारतात.

लिग्नोकेन नाडीतील वेदनावहन काही तास रोखते; चकतीचा दाब मात्र तसाच राहतो. साध्या लिग्नोकेनची कमाल मात्रा प्रतिकिलो ४.५ मिलिग्रॅम, एकूण ३०० मिलिग्रॅम होय. ५० किलोच्या रुग्णास २ टक्के द्रावण सुमारे ११ मिलिलिटरच चालते.

लेह येथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो. प्राणवायूची न्यूनता या औषधाची विषाक्तता वाढवते. भ्रम उंचीनेही होतो; परंतु ओठांभोवती बधिरता, कर्णनाद व तोंडात धातूची चव ही विषाक्ततेची सूचक लक्षणे होत.

म्हणून ध्यानात ठेवावे:

१. शरीर उंचीस सरावल्यावरच, प्राणवायू व २० टक्के स्निग्ध द्रावण सिद्ध असलेल्या रुग्णालयात, भूलतज्ज्ञाकडूनच इंजेक्शन घ्यावे.

२. त्यानंतर पाय दुर्बल राहतो. त्या दिवशी चढउतार व वाहन चालविणे वर्ज्य.

३. मूत्रावरोध, गुदप्रदेशी बधिरता वा पाऊल लुळे पडणे दिसताच रुग्णास शल्यचिकित्सकाकडे विनाविलंब पाठवावे.

४. औषधविक्रेत्यांनी अशा प्रवाशांस चिठ्ठीविना झोपेच्या गोळ्या देऊ नयेत. त्यांनी श्वसन मंदावते.

चरकोक्त बस्ती व अग्निकर्म प्रवासापूर्वीच, दोषबल पाहून योजावे.