त्रिनिदाद बेटांत काय पहावें

वेस्ट इंडीज हें नांव आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस प्रथम क्रिकेटमुळें ठाऊक होतें. १९७१ सालीं अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखालीं भारताच्या संघानें वेस्ट इंडीजवर आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तो त्रिनिदाद बेटांतील पोर्ट ऑफ स्पेन या शहरीं. गोव्यांत जन्मलेले दिलीप सरदेसाई यांनीं त्या सामन्यांत ११२ धावा काढल्या, आणि सुनील गावसकर हा मुंबईचा एकवीस वर्षांचा तरुण त्याच सामन्यांत प्रथम कसोटी खेळला. पुढें महिनाभरानें त्याच मैदानावर, दांत ठणकत असतांही, त्यानें एका सामन्यांत १२४ व २२० धावा केल्या. आपल्या गोलंदाजांची अशी दैना करणाऱ्या या पोरावर तेथील लोक रागावले नाहींत. लॉर्ड रिलेटर या गवयानें त्याच्यावर गाणेंच रचलें! प्रतिपक्षाच्या पराक्रमाचीं गाणीं करणारे हे लोक कसे असतील व त्यांच्या बेटांत पाहण्यासारखें काय असेल, असें कुतूहल ज्यांस वाटतें त्यांच्यासाठीं आम्ही हा लेख लिहीत आहों.

नकाशा उघडला असतां कॅरिबियन समुद्रांतील बेटें एखाद्या कमानीसारखीं पसरलेलीं दिसतात. त्या कमानीच्या दक्षिण टोंकास, व्हेनेझुएला देशापासून अवघ्या सात मैलांवर, त्रिनिदाद आहे. आकारानें तें गोव्याहून कांहींसें मोठें. कोलंबस तेथें १४९८ सालीं आला. १७९७ सालीं इंग्रजांनीं तें स्पेनकडून घेतलें. व शेजारच्या टोबॅगो बेटासह तें ३१ ऑगस्ट १९६२ रोजीं स्वतंत्र झालें. पाऊस जून ते डिसेंबर असल्यामुळें सुटीसाठीं जाणारानें त्यापूर्वींचे कोरडे महिने निवडावे हें बरें.

कॅरिबियन बेटांवर बहुतेक प्रवासी जातात ते वाळूवर पडून राहण्यासाठीं. त्या सुखास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. उत्तर किनाऱ्यावरील मॅराकस येथें नारळींच्या सावलींत बसावें, लाटांत डुंबावें, आणि 'बेक' नांवाच्या तळलेल्या भाकरींत शार्क माशाचा तुकडा घालून देतात तो खावा. यांत एक दिवस सुखानें जातो. परंतु वाळू व लाटा पुष्कळ देशांत आहेत. त्रिनिदादमध्यें जें खरोखर पाहण्याजोगें आहे, तें बहुतेक सारें एके काळीं सरकारनें मना केलेलें, कोणीतरी मोडून टाकलेलें, अथवा मारून संपविण्याच्या बेतास आलेलें होतें. कांहीं माणसांनीं हट्ट धरला म्हणून तें आज आपणांस दिसतें. ही गोष्ट ध्यानांत ठेवून हिंडलें तर त्या बेटाची सहल निराळीच होते.

प्रथम वाद्याचीच गोष्ट घेऊं. आफ्रिकेंतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज आपल्या उत्सवांत ढोल वाजवीत. १८८१ सालीं कार्निव्हलच्या वेळीं पोर्ट ऑफ स्पेनमध्यें लोकांची व पोलिसांची मोठी चकमक झाली, आणि १८८४ सालीं कायद्यानें ढोलांवर बंधनें घातलीं. ढोल गेले तेव्हां लोकांनीं बांबू घेतले. कमीअधिक लांबीचे तुकडे जमिनीवर आपटून ते ताल धरूं लागले. बांबू फुटत, म्हणून १९३० नंतरच्या वर्षांत पोरांनीं बिस्किटांचे डबे व कचऱ्याच्या पेट्यांचीं झांकणें वाजविलीं. आणि शेवटीं तेलाचें रिकामें पीप हातीं आलें. बेटांत तेलविहिरी असल्यामुळें पिपांस तोटा नव्हता. पिपाचा तळ घणानें ठोकून वाडग्यासारखा खोल करावयाचा, त्यावर लहानमोठे भाग आंखून घ्यावयाचे, मग तो तापवून एकेक भाग सुरांत आणावयाचा. मोठा भाग खर्जाचा, लहान भाग वरच्या सुराचा. रबर लावलेल्या काड्यांनीं तो वाजविला म्हणजे लोखंडांतून असा गोड नाद निघतो कीं, पीप आहे हें सांगून खरें वाटूं नये. हेंच तें 'स्टील पॅन'. संयुक्त राष्ट्रसंघानें २०२३ सालीं ११ ऑगस्ट हा त्याचा जागतिक दिन ठरविला.

तें ऐकण्यासाठीं कार्निव्हलच्या गर्दींतच शिरलें पाहिजे असें नाहीं. उपासकाळ ज्या बुधवारीं सुरू होतो त्याच्या आदले सोमवार व मंगळवार हे कार्निव्हलचे दिवस. त्यापूर्वीं कित्येक आठवडे प्रत्येक वाद्यमंडळाच्या अंगणांत रोज रात्रीं तालीम चालते. मुलाबाळांसह तेथें जाऊन बसावें. एकच ओळ दहा वेळां चुकते, दहा वेळां सुधारते, आणि अकराव्या वेळीं शंभर माणसें एका हातानें वाजविल्यासारखी ती वाजवितात. आमच्या मतें मिरवणुकीपेक्षां ही तालीम अधिक पाहण्यासारखी आहे.

दक्षिणेकडील ला ब्रेआ गांवचें डांबराचें सरोवर मात्र कोणाच्या हट्टानें झालेलें नाहीं. तें भूमीनेंच दिलें. सुमारे शंभर एकरांचें हें काळें मैदान हत्तीच्या कातडीसारखें सुरकुतलेलें आहे. वाटाड्याबरोबर त्यावरून चालतां येतें. एकट्यानें जाऊं नये, कारण कोठें कोठें तें मऊ आहे. सर वॉल्टर रॅले यानें १५९५ सालीं आपल्या गलबतांच्या भेगा याच डांबरानें बुजविल्या. पुढें परदेशच्या मोठमोठ्या शहरांतील रस्ते त्यानें बांधले. खणलेला खड्डा हळूहळू पुन्हां भरून येतो हें विशेष. पण त्यावरून सरोवर अक्षय आहे असें मात्र समजूं नये.

आतां पश्चिम किनाऱ्यावरील वॉटरलू या खेड्यास जाऊं. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांस मजूर मिळेनात, तेव्हां हिंदुस्थानांतून करारानें माणसें नेण्यांत आलीं. 'फतेह अल रझाक' हें पहिलें जहाज कलकत्त्याहून निघून ३० मे १८४५ रोजीं सुमारे सव्वादोनशें माणसें घेऊन त्रिनिदादला पोंचलें. १९१७ सालीं ही पद्धति बंद होईपर्यंत एक लक्ष चाळीस हजारांहून अधिक लोक तेथें गेले. ते मुख्यतः आजच्या उत्तर प्रदेश व बिहार या प्रांतांतले, कांहीं मद्रासकडचे. करार पांच वर्षांचा असे. पण बहुतेकांनीं तेथेंच घर केलें. पोर्ट ऑफ स्पेनजवळच्या नेल्सन बेटावर या लोकांस प्रथम उतरवीत. होडींतून तें बेट पाहतां येतें. सुटीसाठीं समुद्र ओलांडणारानें, पोटासाठीं तो ओलांडलेल्यांची ही पायरी चुकवूं नये.

शिवदास साधु यांनीं वॉटरलूस एका साखर कंपनीच्या जमिनीवर लहानसें देऊळ बांधलें. कंपनीनें १९५२ सालीं तें पाडविलें, व साधूंस तुरुंगवास घडला. बाहेर आल्यावर त्यांनीं विचार केला कीं, जमिनीस मालक आहे, समुद्रास तर नाहीं! मग ओहोटीच्या वेळीं समुद्राच्या तळाशीं पिपें ठेवून त्यांत ते काँक्रीट भरूं लागले. दगड, वाळू, सिमेंट हें सारें एका सायकलीवरून न्यावयाचें. लोक हंसले, पण कित्येक वर्षें हा उद्योग सुटला नाहीं. ज्या तेलाच्या पिपांतून कोणी संगीत काढलें त्याच पिपांवर कोणी देऊळ उभें केलें, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें. लाटांनीं झिजलेलें तें देऊळ, भारतीयांच्या आगमनास दीडशें वर्षें झालीं त्या सुमारास, १९९५ सालीं नव्यानें बांधण्यांत आलें. आज दगडी वाटेवरून चालत तेथें जातां येतें. साधूंचा पुतळाही तेथें आहे. बाजूच्या किनाऱ्यावर अंत्यविधि होतात, म्हणून तेथें मोठ्यानें बोलूं नये.

त्या लोकांनीं बरोबर नेलेलें दुसरें धन म्हणजे स्वयंपाक. सकाळीं रस्त्यावर 'डबल्स' मिळतात: हळदीच्या पिठाच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या, ज्यांस तेथें 'बारा' म्हणतात, आणि मध्यें रसाचे हरभरे. आफ्रिकन असो वा भारतीय, वकील असो वा हमाल, सारे उभ्यानें तेंच खातात. 'दालपुरी' पाहून आमच्या भगिनींस पुरणपोळीची आठवण होईल. मात्र आंतलें पुरण तिखटमिठाचें.

कॅरोनीच्या दलदलीस दुपारीं चारच्या सुमारास जावें. तिवरांच्या झाडींतून सपाट होडी हळूहळू जाते. सूर्य कलला म्हणजे आपल्याकडील शराटीच्या जातीचे, पण शेंदरासारखे लाल पक्षी थव्यांनीं येतात, आणि हिरवें झाड पाहतां पाहतां लाल होऊन जातें. पिलें करडीं असतात. चिंबोऱ्या व कोळंबी खाऊन त्यांस हा रंग चढतो. हा त्रिनिदादचा राष्ट्रीय पक्षी असूनही चोरून मारून खाणारे लोक होतेच. म्हणून २०१८ सालीं कायदा अधिक कडक करण्यांत आला. होडी दूर उभी करतात. जवळ नेण्याचा आग्रह धरूं नये.

दोन दिवस टोबॅगोस द्यावे. तेथील डोंगरमाथ्यावरचें जंगल १७७६ सालीं कायद्यानें राखून ठेवलें, तें कशासाठीं? झाडें तोडलीं तर पाऊस हटेल व उसाचीं शेतें सुकतील, या भीतीनें! कारण स्वार्थाचें असो, अडीचशें वर्षें तें रान उभें आहे. बुकू येथें होडीच्या कांचेच्या तळांतून पोवळ्यांचा खडक पाहतां येतो. पूर्वीं प्रवासी त्यावर उभे राहत, व त्या पायांखालीं त्याचा पुष्कळ भाग मेला. पोवळें दगड नसून जिवंत आहे, हें त्यांस कोणी सांगितलें नव्हतें.

शेवटची रात्र त्रिनिदादच्या ईशान्य किनाऱ्यावर, मटुरा किंवा ग्रांद रिव्हिएर येथें काढावी. मार्चपासून ऑगस्टपर्यंत लेदरबॅक जातीचीं प्रचंड कासवें तेथें अंडीं घालण्यास येतात. त्यांच्या पाठीस कठीण कवच नसून चामड्यासारखी जाड कातडी असते, आणि एकेकीचें वजन आठदहा मण भरतें. पूर्वीं गांवचे लोक त्यांस मांसासाठीं मारीत. १९९० सालीं मटुराचा किनारा त्या ऋतूंत राखीव ठरला, आणि गांवांतीलच माणसें पहारा करूं लागलीं. २०११ सालीं कासवांची शिकार वर्षभर बंद झाली. आज परवाना काढून, गांवच्या वाटाड्याबरोबरच तेथें जातां येतें.

पांढरा दिवा नेऊं नये. उजेड किंवा गलबला झाला तर मादी अंडीं न घालतांच समुद्रांत परतते. वाटाड्या लाल दिवा घेतो, व 'थांबा' म्हणेल तेथें थांबावें. कधीं तास, कधीं दोन तास. मादी मागल्या वल्ह्यांनीं खळगा खणते, एकेक पसा वाळू बाहेर टाकते. अंडीं पडूं लागलीं म्हणजे तिला दुसरें भान राहत नाहीं. तेव्हांच वाटाड्या हळूच पुढें बोलावतो. सुमारे ऐंशीं अंडीं घालून ती खळगा बुजविते, आणि जागा ओळखूं येऊं नये म्हणून भोंवतालची वाळूही उधळते. तिच्या डोळ्यांतून पाणी गळतांना पाहून मुलें कळवळतात. पण तें रडणें नव्हे, अंगांतलें जादा मीठ त्या वाटेनें बाहेर पडतें. सुमारे दोन महिन्यांनीं पिलें निघतात व रात्रीं जिकडे अधिक उजेड दिसेल तिकडे धांवतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राचाच असतो. म्हणून तेथें मुक्काम केला असतां रात्रीं आपल्या खोलीचा दिवा मालवून खिडकीचा पडदा ओढून घ्यावा.