टॅब्लेटवर लेखन : फुकट कोणते, मुक्त कोणते?

१६७४ च्या नेसरीच्या लढाईवर प्रकल्प लिहायला बसावे आणि टॅब्लेटने फाइल नुसती वाचू द्यावी, असा अनुभव आपल्यापैकी काहींना आला असेल. दोष टॅब्लेटचा नसतो. मायक्रोसॉफ्टचे वर्ड १०.१ इंचांपर्यंतच्या पडद्यावर घरगुती कामासाठी विनाशुल्क लिहू देते. पडदा त्याहून मोठा असला की वर्गणी भरावी लागते. म्हणून खरेदीपूर्वी पडद्याचे माप पाहावे. (ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपे घेतात.)

गूगल डॉक्सला ही अट नाही. मात्र मोफत मिळणाऱ्या १५ गीगाबाइट जागेत आपली ई-पत्रे आणि छायाचित्रेही वाटेकरी असतात. शिवाय नेट गेले की पंचाईत. तेव्हा घरून निघण्यापूर्वीच फाइल 'ऑफलाइन' करून ठेवावी.

ही दोन्ही साधने फुकट आहेत, मुक्त नव्हेत. मालक उद्या अट बदलू शकतो. लिब्रेऑफिसचे तसे नाही. २०१० साली सुरू झालेल्या या प्रकल्पाची मूळ आज्ञावलीच सर्वांना खुली आहे. त्यावर आधारलेले कोलॅबोरा ऑफिस एकदा उतरवून घेतले की अँड्रॉइड टॅब्लेटवर नेटशिवाय चालते. दिसायला काहीसे बोजड, पण माझी पसंती त्यालाच. मराठी मजकूर मात्र कोठेही युनिकोडमध्येच टंकावा. नाहीतर दुसऱ्या यंत्रावर अक्षरांची खिचडी होते.