चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला

दोंडाईच्याच्या बाजारात मिरची घेणारा व्यापारी नुसता भाव पाहत नाही; हमाली, तोलाई, भाडे, घट सारे धरूनच हिशेब मांडतो. हौसेच्या वस्तूलाही हाच हिशेब लावावा, म्हणून आम्ही आज इंधनावरच्या रिमोट कंट्रोल मोटारीचे उदाहरण घेत आहोत.

ही मोटार बहुधा मिथेनॉल, नायट्रोमिथेन व तेल यांच्या मिश्रणावर चालते. मूळ गाडीच्या एक दशांश आकाराच्या मोटारीची टाकी साधारण ७५ मिलिलिटरची; ती आठ-दहा मिनिटांत रिकामी होते. म्हणजे लिटरभर इंधनात जेमतेम दोन तास खेळ! नव्या इंजिनाच्या पहिल्या चार-पाच टाक्या तर ते रुळवण्यातच जातात. शिवाय ग्लो प्लग, तो तापवणारे साधन, बॅटऱ्या, सुटे भाग.

माल बहुतेक परदेशी. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० साली २० वरून ६० टक्के व २०२३ साली ७० टक्के झाले. इंधन ज्वलनशील, रेल्वेच्या डब्यातून ते आणणे गुन्हा आहे. मिथेनॉल विषारी, त्याची ज्योत दिवसा दिसतही नाही. ते मुलांच्या हाती देऊ नये.

मग करावे काय? मोटारीच्या किमतीशेजारी वर्षभराच्या इंधनाचा व सुट्या भागांचा आकडा लिहावा. बेरीज उधारीशिवाय झेपत असेल तरच पाऊल टाकावे; एरवी बॅटरीवरची मोटार बरी. दुकानदाराने इंधन व ग्लो प्लग नियमित कोठून मिळतील, हे आधी पाहावे. नाहीतर गिऱ्हाईक एकदाच येईल, दुसऱ्यांदा येईल ते तक्रार घेऊन.