न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट व्हायचंय? फी भरण्याआधी हा हिशेब मांडा

बारावी सायन्सचा निकाल लागला की पॅरामेडिकल कोर्सची पत्रकं घराघरांत येऊन पडतात. डीएमएलटी, एक्स-रे, ओटी टेक्निशियन ही नावं जळगाव जामोदच्या पालकांना ओळखीची आहेत. अलीकडे त्यात ‘न्यूक्लिअर मेडिसिन’ दिसू लागलंय. क्षेत्र चांगलं आहे आणि कामाला मानही आहे. पण चुकीच्या कोर्सला पैसे गेले तर हातात सर्टिफिकेट राहतं आणि नोकरी मिळत नाही. म्हणून आधी काम, मग पात्रता आणि शेवटी पैसा, या क्रमानं पाहू.

काम नेमकं काय?

एक्स-रेमध्ये किरण बाहेरून शरीरात जातात. इथे किरणोत्सारी औषध रुग्णाच्या शिरेत देतात आणि ते शरीरात कुठे साठतं याचं चित्र गॅमा कॅमेरा किंवा पेट-सीटी घेतो. कर्करोग किती पसरला, हृदयाच्या स्नायूला रक्त पोचतं का, मूत्रपिंड किती काम करतंय, हे त्यातून कळतं. रिपोर्ट डॉक्टर देतात. औषध तयार करणं, मोजणं आणि स्कॅन काढणं ही कामं टेक्नॉलॉजिस्टची.

दिवस सुरू होतो हॉट लॅबमध्ये. शिशाच्या आवरणातल्या जनरेटरला सलाईनची बाटली लावायची, दुसऱ्या बाजूच्या निर्वात बाटलीत टेक्नेशियम-९९एम उतरवून घ्यायचं, डोस कॅलिब्रेटरमध्ये मोजायचं आणि वेळेसह वहीत नोंदवायचं. या टेक्नेशियमचं अर्धायुष्य ६ तास, म्हणजे सकाळी आठचा डोस दुपारी दोनला निम्मा होतो. त्यामुळे कोणत्या रुग्णाला किती वाजता किती द्यायचं, हे गणित रोज करावं लागतं. पेट स्कॅनच्या रुग्णाची साखर तपासायची, उपाशी आहे का विचारायचं, इंजेक्शननंतर तासभर शांत पडून राहायला सांगायचं, हेही त्याच्याच वाट्याला. औषध सांडलं तर जागा बंद करून स्वच्छता करण्याची तयारीही लागते.

नोकरी गावाजवळ मिळेल का?

नाही, आणि त्याला कारण आहे. पेट स्कॅनसाठी लागणाऱ्या फ्लोरिन-१८चं अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटं. मुंबईहून निघालेल्या गाडीला आपल्याकडे यायला नऊ तास धरले, तर औषधाचा जेमतेम तिसावा हिस्सा उरेल. म्हणून पेट-सीटी केंद्रं हे औषध बनवणाऱ्या सायक्लोट्रॉन यंत्राच्या टप्प्यातल्या मोठ्या शहरांतच वाढतात. विदर्भात नागपूर, जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये हा विभाग आहे. त्यापलीकडे मुंबई, पुणे, हैदराबाद. मुलानं वा मुलीनं शहरात राहावं याला घरच्यांची तयारी नसेल, तर हा रस्ता धरू नये.

पात्रता: इथेच फसगत होते

किरणोत्साराशी संबंधित कामावर अणुऊर्जा नियामक मंडळाचं, म्हणजे एईआरबीचं नियंत्रण असतं. हे मंडळ १९८३ साली स्थापन झालं, कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला. टेक्नॉलॉजिस्टकडे मंडळाला मान्य असलेली पात्रता हवी. साधारणपणे विज्ञानाची पदवी आणि त्यावर न्यूक्लिअर मेडिसिन तंत्रज्ञानाची पदव्युत्तर पदवी वा पदविका, किंवा थेट याच विषयातली बी.एस्सी. एक्स-रे किंवा सीटी-एमआरआयचा डिप्लोमा झाला म्हणून हॉट लॅबमध्ये काम करता येत नाही. बारावीनंतर सहा महिन्यांत हा कोर्स करून देतो असं कोणी म्हणालं तर उठून यावं.

शिवाय २०२१च्या राष्ट्रीय संलग्न आरोग्य व्यवसाय आयोग कायद्यात हा व्यवसाय आला आहे. पुढे नोंदणीशिवाय काम करणं अवघड होत जाईल, हे धरून चाला.

दोन रस्ते

पहिला: जवळच्या कॉलेजातून भौतिक-रसायन घेऊन बी.एस्सी. करायची आणि मग दोन वर्षांची एम.एस्सी. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये ती करता येते. भाभा अणुसंशोधन केंद्राचं हे केंद्र १९६३ पासून चालू आहे आणि देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये तिथेच बसला. चंडीगडचं पीजीआय आणि दिल्लीचं एम्स इथेही एम.एस्सी. आहे. सगळीकडे प्रवेश परीक्षा आहे आणि जागा मोजक्या. बी.एस्सी.चे गुण साठ टक्क्यांखाली जाऊ देऊ नका.

दुसरा: बारावीनंतर थेट या विषयाची बी.एस्सी., इंटर्नशिप धरून साधारण चार वर्षं. पुदुच्चेरीचं जिपमर सरकारी आहे आणि तिथला प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. मणिपाल खासगी आहे.

खर्च कसा मोजायचा?

सरकारी संस्थांची फी कमी आणि खासगीची कित्येक पट, हे उघड आहे. त्या त्या वर्षीचा आकडा माहितीपुस्तिकेतून घ्या, एजंटाकडून नको. फीइतकाच जड भाग राहण्या-जेवणाचा असतो आणि तो पत्रकात छापलेला नसतो. उदाहरणादाखल महिना १०,००० रुपये धरू:

- पहिला रस्ता: बाहेर २४ महिने, २,४०,००० रुपये. एकूण शिक्षण पाच वर्षं.
- दुसरा रस्ता: बाहेर ४८ महिने, ४,८०,००० रुपये. एकूण शिक्षण चार वर्षं.

म्हणजे पहिल्या रस्त्यात राहण्याचे २,४०,००० वाचतात, पण कमाई वर्षभर उशिरा सुरू होते. एकाच पगारावर किंवा कोरडवाहू कपाशीवर चालणाऱ्या घराला पहिला रस्ता सोसतो. कारण बी.एस्सी.नंतर या शाखेत प्रवेश नाही मिळाला तरी पदवी हातात असते आणि बी.एड., बँक, स्पर्धा परीक्षा हे पर्याय खुले राहतात.

याशिवाय प्रवेश परीक्षांचे फॉर्म, नांदुरा स्टेशनवरून ये-जा, डिपॉझिट आणि लॅपटॉप यांची वेगळी रक्कम ठेवा.

कर्ज आणि सवलत

१० टक्के व्याजानं सात वर्षांत फेडायचं ठरवलं, तर दर लाखामागे हप्ता सुमारे १,६६० रुपये बसतो. चार लाखांना ६,६४०. शिकत असताना दर लाखामागे महिना ८३३ रुपये व्याज भरत राहिलात तर मुद्दल फुगत नाही. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागत नाहीत. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी बिनतारण कर्ज मिळतं. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात ३ टक्के सवलतही आहे.

२०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ आहे. अट एवढीच की प्रवेश कॅप फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणासाठी स्वाधार योजना आहे. तुमचा कोर्स महाडीबीटीच्या यादीत आहे का, ते प्रवेशाआधी पाहा. राज्याबाहेर गेलात तर या फी-सवलती धरू नका.

पगार

टाटा मेमोरियल सेंटरमध्ये सायंटिफिक असिस्टंट ‘बी’ हे पद सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल ६ मध्ये, सुरुवातीचं मूळ वेतन ३५,४००. ‘सी’ला लेव्हल ७, ४४,९००. त्यावर भत्ते. पण अशा जागा थोड्या, आणि बऱ्याच संस्थांत सुरुवात कंत्राटी होते. खासगीत पगार शहर आणि रुग्णसंख्येवर ठरतो. पुढे रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसरची परीक्षा पास केली तर किंमत वाढते, कारण प्रत्येक विभागाला असा अधिकारी लागतोच.

धोका किती?

छातीला टीएलडी बॅज लावून काम करावं लागतं. तुम्हाला किती किरण लागले ते त्यावरून मोजलं जातं. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३०च्या वर नाही. गरोदर राहिल्यास मालकाला कळवायचं; त्या कारणानं कामावरून काढता येत नाही, काम बदलून द्यावं लागतं. बॅजचा खर्च संस्थेचा. तो तुमच्याकडून मागितला तर नकार द्या.

फी भरण्याआधी हे लेखी मागा

१. हा कोर्स एईआरबीला मान्य आहे याचा पुरावा.
२. संलग्न रुग्णालयात चालू गॅमा कॅमेरा किंवा पेट-सीटी आणि हॉट लॅब. स्वतः जाऊन पाहा.
३. पूर्ण कोर्सची फी, दरवर्षीच्या वाढीसकट.
४. इंटर्नशिप कुठे आणि विद्यावेतन किती.
५. मागच्या तुकडीतल्या मुलांचे फोन नंबर.

भेंडवळची घटमांडणी आपल्याच तालुक्यात होते. भाकितं ऐकायची सवय आपल्याला आहे. पण ‘शंभर टक्के प्लेसमेंट’च्या भाकितावर शेत गहाण टाकू नका. पाचातल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर मिळाली नाहीत, तर सीट कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.