संवादाची साधने आणि कार्यसंस्कृती

ई-मेल, व्हिडिओ कॉन्फरन्सिंग, भ्रमणध्वनी ही साधने जगभर सारखीच असली, तरी त्यांचा वापर सर्वत्र सारखा होत नाही. अडचण कोणी, कोणास व केव्हा कळवावी, हे यंत्र ठरवत नाही. ते अधिकार, ज्येष्ठता व संकोच यांविषयीच्या रूढ कल्पनांवर अवलंबून असते.

अधिकाराचे अंतर

डच अभ्यासक गीर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएम कंपनीच्या विविध देशांतील कर्मचाऱ्यांच्या पाहणीवर आधारलेला ग्रंथ १९८० मध्ये प्रसिद्ध केला. अधिकारातील विषमता कनिष्ठांनी कितपत गृहीत धरलेली असते, याचा त्यांनी काढलेला निर्देशांक भारतासाठी ७७, तर अमेरिकेसाठी ४० होता. हे आकडे एकाच कंपनीतील सरासरी दर्शवितात. त्यांवरून कोणा व्यक्तीचा स्वभाव ठरविता येत नाही; तथापि, दोन देशांतील फरकाची दिशा त्यांतून कळते.

मौनाचा अर्थ

सॉफ्टवेअर उद्योगात पुणे किंवा बंगळूर येथील गट अमेरिकेतील ग्राहकासाठी काम करतात. न्यूयॉर्क व भारत यांच्या वेळेत ऋतुमानानुसार साडेनऊ ते साडेदहा तासांचे अंतर असल्याने प्रत्यक्ष बोलण्यास थोडाच अवधी मिळतो. अशा बैठकीत ‘काही अडचण आहे का?’ असा प्रश्न आला, की गटप्रमुखासमोर कनिष्ठ अभियंता अनेकदा गप्प राहतो. पलीकडे या मौनाचा अर्थ संमती असा घेतला जातो. अलीकडे तो केवळ आदर असू शकतो. ‘प्रयत्न करतो’ या उत्तरातील सौम्य नकारही पडद्यावरून पोहोचत नाही. परिणामी दोष उशिरा उघड होतो आणि तो दुरुस्त करण्याचा खर्च वाढतो.

साधन नवे, वाट जुनी

शासकीय कार्यालयांतही हेच दिसते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेली ई-ऑफिस प्रणाली २००९ पासून वापरात आली. नस्ती कागदावरून संगणकावर आली, तरी टिप्पणी तितक्याच टेबलांवरून फिरत राहिली, तर वाचतो तो केवळ ने-आणीचा वेळ. म्हणूनच प्रस्तावाचे टप्पे चारपेक्षा अधिक नसावेत, ही केंद्र शासनाने २०२१ मध्ये घेतलेली भूमिका महत्त्वाची ठरते. तेथे बदल यंत्रात नव्हे, कामाच्या नियमात होता.

उपाय

बैठकीपूर्वी प्रत्येकाकडून अडचणी लेखी मागवाव्यात. चर्चेत कनिष्ठांना प्रथम बोलू द्यावे. वाईट बातमी वेळेवर देणाऱ्यास दोष देऊ नये. या नियमांना पैसा लागत नाही. मात्र ते प्रथम वरिष्ठांनी पाळावे लागतात. त्यांच्याअभावी वेगवान साधनातूनही महत्त्वाची माहिती उशिरानेच वर पोहोचेल.