बाशिंग

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आषाढाच्या सरी कोसळू लागल्या, म्हणजे जुन्या वृक्षांचे रूप पालटते. उन्हाळ्यात ज्या फांद्यांवर वाळक्या, तपकिरी पानांचे झुबके तेवढे दिसत होते, त्यांवर हातभर लांबीची हिरवीगार पाने डोलू लागतात. ही पाने त्या वृक्षाची नव्हेत. त्याच्या अंगावर वाढणाऱ्या एका नेच्याची होत. लोक त्यास ‘बाशिंग’ म्हणतात. नवरदेवाच्या कपाळी बाशिंग शोभावे, तसाच हा नेचा वृक्षाला शोभतो.

बाशिंग हे बांडगूळ नव्हे. बांडगूळ झाडाच्या अंगात मुळे रोवून त्याचा रस शोषते. बाशिंग झाडाजवळ केवळ आसरा मागते. अन्न स्वतः मिळवते. त्यासाठी त्याला दोन प्रकारची पाने असतात. पहिली पाने आखूड, रुंद व बिनदेठाची असून खोडाला बिलगलेली असतात. ती लवकरच वाळतात, परंतु गळत नाहीत. त्यांच्या आडोशाला पालापाचोळा, धूळ व पाणी साठते. ते कुजून माती तयार होते आणि तीत बाशिंगाची मुळे पोसली जातात.

दुसरी पाने लांब, हिरवी व खोलवर कातरलेली असतात. स्वीडनच्या लिनीयस या शास्त्रज्ञाने १७५३ साली ओक वृक्षाच्या पानांवरून या नेच्यास नाव दिले. हिरवी पाने सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात. कोरड्या दिवसांत ती गळून पडतात. वाळकी पाने मात्र आपली जागा सोडीत नाहीत.

नेच्यांना फुले, फळे किंवा बिया येत नाहीत. हिरव्या पानांच्या पाठीवरील तपकिरी ठिपक्यांत धुळीसारखी बीजुके असतात. वारा ती दूर नेतो. ओलसर सालीवर पडलेल्या बीजुकापासून प्रथम इवलासा हिरवा पापुद्रा तयार होतो. त्यावरील नरपेशी पाण्यातून पोहत जाऊन स्त्रीपेशीला मिळते, तेव्हाच नवा नेचा जन्मास येतो. म्हणून पावसावाचून त्याचा वंश वाढत नाही.

बाशिंग खडकांवर व भिंतींवरही वाढते. तथापि जुना वृक्ष कुऱ्हाडीने कोसळला, की अनेक वर्षे कणाकणाने साठलेली ती माती क्षणात विखुरते. नवे रोप उद्या लावता येईल. पण त्याच्या फांद्यांवर बाशिंग चढण्यास पुष्कळ पावसाळे जावे लागतील.

स्वाध्याय

१. बाशिंग व बांडगूळ यांत कोणता फरक आहे?
२. वाळलेली पाने गळून पडली असती, तर बाशिंगाचे काय झाले असते?
३. नेच्याच्या वाढीस पाऊस का आवश्यक आहे?