शस्त्रक्रियेचे क्षेत्र मोकळे ठेवणारी उपकरणे

पुण्याच्या ससून रुग्णालयात १२ जानेवारी १९२४ च्या रात्री महात्मा गांधी यांच्यावर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. गांधीजी त्या वेळी येरवडा कारागृहात शिक्षा भोगत होते. कर्नल मॅडॉक यांनी ही शस्त्रक्रिया केली. ती चालू असतानाच वादळामुळे वीज गेली, परिचारिकेच्या हातातील विजेरीही विझली आणि अखेर कंदिलाच्या उजेडात काम पुरे करावे लागले. रुग्ण बरा झाला आणि ५ फेब्रुवारी रोजी त्याची कारावासातून मुक्तताही झाली. ज्या खोलीत ही शस्त्रक्रिया झाली ती ससून रुग्णालयात स्मारक म्हणून जतन करण्यात आली आहे.

या घटनेचे राष्ट्रीय महत्त्व सर्वज्ञात आहे. शस्त्रक्रियेच्या दृष्टीनेही तिच्यातून एक धडा मिळतो. शस्त्रवैद्य कितीही कुशल असो, भूल उत्तम दिलेली असो, उपकरणे निर्जंतुक असोत. पण ज्या ठिकाणी काम करावयाचे ते ठिकाणच दिसले नाही, तर या साऱ्या सिद्धतेचा उपयोग होत नाही. उजेड ही त्यातील पहिली गरज होय. मात्र उजेड भरपूर असूनही शस्त्रक्रियेचे क्षेत्र झाकले जाऊ शकते. शस्त्रवैद्याचा स्वतःचा हात, आजूबाजूचे अवयव, साचणारे रक्त, धातूची चकाकी आणि धूर हे त्याचे पाच अडथळे आहेत. हे अडथळे दूर करण्याचे काम हातात धरावयाच्या लहानलहान उपकरणांच्या रचनेवर अवलंबून असते. ही उपकरणे ग्रामीण रुग्णालयांतही लागतात, सार्वजनिक पैशातून विकत घेतली जातात आणि त्यांच्या देखभालीची जबाबदारी स्थानिक यंत्रणेवर असते. त्यामुळे त्यांच्या रचनेमागील विचार वैद्यकीय क्षेत्राबाहेरील व्यक्तींनीही समजून घेणे इष्ट आहे.

सुश्रुताची दृष्टी

हा विचार आपल्याकडे नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात १०१ यंत्रे आणि २० शस्त्रे सांगितली आहेत. कापण्याची, भेदण्याची साधने ती शस्त्रे. आणि पकडणे, ओढून काढणे, आतील भाग पाहणे यांसाठी वापरावयाची साधने ती यंत्रे. यंत्रांची संख्या शस्त्रांच्या पाचपट आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कापण्याचे काम थोडा वेळ चालते. पकडून धरणे, बाजूला सारणे आणि पाहणे मात्र अखंड चालू असते.

पकडीच्या यंत्रांना सुश्रुताने पशुपक्ष्यांच्या मुखांची नावे दिली आहेत. शरीरात रुतलेली वस्तू डोळ्यांना दिसत असेल, तर ती सिंहमुखासारख्या रुंद तोंडाच्या यंत्राने काढावी. ती आत दडलेली असेल, तर कंकमुखासारखे यंत्र वापरावे, असे तो सांगतो. कंक पक्ष्याची चोच लांब व निमुळती असते. अशा तोंडाचे यंत्र सहज आत जाते, सहज फिरते, घट्ट पकडते आणि वस्तू बाहेर काढते, म्हणून सर्व यंत्रांत ते श्रेष्ठ मानले आहे. अरुंद जागेत उपकरणाने स्वतः कमीत कमी जागा व्यापावी, हे आजच्या रचनाकारांचे पहिले सूत्र यात स्पष्टपणे आलेले आहे. ‘संदंश’ या सुश्रुताच्या यंत्राचे नाव तर आपल्या स्वयंपाकघरातील सांडशीत अजून टिकून आहे.

पहिला अडथळा : स्वतःचा हात

शिक्षकांना हा मुद्दा वर्गात सहज दाखविता येईल. विद्यार्थ्याने पेन्सिल अगदी टोकाजवळ धरली, तर लिहिलेले अक्षर बोटांखाली झाकले जाते. थोडी वर धरली, तर अक्षर दिसते, पण पकड सैल होते. डावखुऱ्या मुलाचा हात तर नुकत्याच लिहिलेल्या ओळीवरूनच सरकत जातो. शस्त्रवैद्यापुढील अडचण हीच आहे. फरक एवढाच की, त्याचा कागद एखाद्या खोल खड्ड्याच्या तळाशी असतो.

यावर शोधलेला एक सोपा उपाय म्हणजे संगिनीच्या आकाराचा चिमटा. बंदुकीची संगीन नळीच्या रेषेत नसून किंचित बाजूला असते. त्याचप्रमाणे या चिमट्याची मूठ एका पातळीवर आणि टोके दुसऱ्या पातळीवर असतात. मधे पायरीसारखे वळण असते. त्यामुळे हात नजरेच्या रेषेतून बाजूला राहतो आणि टोक शेवटपर्यंत दिसते. नाकाच्या व मेंदूच्या शस्त्रक्रियांत असे चिमटे सर्रास वापरले जातात. हे वळण फार मोठे झाले, तर मात्र टोकावरील ताबा कमी होतो आणि बोटांना हिसका जाणवतो. म्हणून दृष्टी आणि पकड यांचा मेळ घालणे हेच रचनाकाराचे खरे काम ठरते.

दुसरा अडथळा : आजूबाजूचे अवयव

जखमेच्या कडा व आतील अवयव बाजूला धरून ठेवणाऱ्या उपकरणास रिट्रॅक्टर म्हणतात. लँगेनबेक, डीव्हर इत्यादी नावांचे रिट्रॅक्टर सहायकाला हाताने धरून ठेवावे लागतात. ते दीर्घकाळ धरल्याने हात थकतो, थकलेला हात हलतो आणि दिसणारे क्षेत्र पुन्हा झाकले जाते. बाल्फोर यांचा रिट्रॅक्टर एकदा पसरून अडकविला की स्वतःच्या बळावर टिकून राहतो. त्यामुळे सहायकाचा हात मोकळा होतो आणि टेबलाभोवतीची गर्दीही कमी होते.

येथेही मर्यादा सांभाळावी लागते. पात्याची कड धारदार असेल, तर ऊती चिरडतात. दाब सतत राहिला, तर त्या भागाचा रक्तपुरवठा मंदावतो. म्हणून पात्याच्या कडा गोलसर करतात आणि लांबलेल्या शस्त्रक्रियेत दाब अधूनमधून सैल केला जातो.

तिसरा अडथळा : रक्त

रक्तस्राव थांबविणे रुग्णाच्या जिवासाठी आवश्यक आहेच. पण दिसण्यासाठीही ते तितकेच आवश्यक आहे. स्त्रियांचे गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचे उदाहरण घेता येईल. मूत्रवाहिनी ही गर्भाशयाच्या रोहिणीच्या खालून, गर्भाशयग्रीवेपासून सुमारे दोन सेंटिमीटर अंतरावरून जाते. रोहिणीतून एकाएकी रक्त उसळले आणि त्या रक्तात अंदाजाने चिमटा लावला गेला, तर मूत्रवाहिनी त्यात सापडण्याचा धोका असतो. काही क्षणांच्या अंधत्वाची किंमत त्या स्त्रीला पुढे अनेक महिने मोजावी लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये पेआँ आणि इंग्लंडमध्ये स्पेन्सर वेल्स यांनी रक्तवाहिनी पकडून ठेवणारे चिमटे प्रचारात आणले. त्यांच्या मुठीजवळील दातेरी अडकणीमुळे चिमटा सोडला तरी पकड कायम राहते आणि हात दुसऱ्या कामाला मोकळा होतो.

साचलेले रक्त ओढून घेण्यासाठी सक्शनची नळी असते. तिच्या टोकाच्या रचनेत बराच विचार आहे. सिडनी यँकॉवर या अमेरिकन वैद्याने १९०७ च्या सुमारास तयार केलेल्या नळीचे टोक फुगीर व गुळगुळीत असून त्याची छिद्रे अशी ठेवली आहेत की, आजूबाजूची ऊती ओढली जाऊन जखम होऊ नये. पूल यांच्या नळीला बाहेरून अनेक छिद्रांचे आवरण असते. एक छिद्र आतड्याने बुजले, तरी बाकीची चालू राहतात. फ्रेझिअर यांच्या बारीक नळीच्या मुठीवर एक छिद्र असते. त्यावर अंगठा ठेवला की ओढ वाढते, उचलला की कमी होते. बासरी वाजविणाऱ्याला हे तत्त्व वेगळे सांगावयास नको.

चौथा व पाचवा अडथळा : चकाकी आणि धूर

लखलखीत उपकरण दिसावयास सुंदर असते. परंतु थिएटरमधील प्रखर दिव्याखाली तेच आरशासारखे चमकते व डोळे दिपवते. म्हणून चांगल्या उपकरणांचा पृष्ठभाग मुद्दाम मंद, साटिनसारखा ठेवतात. खरेदीच्या वेळी चकाकी हा गुण समजला जातो. शस्त्रक्रियेच्या वेळी तो दोष ठरू शकतो.

१ ऑक्टोबर १९२६ रोजी अमेरिकेतील बॉस्टन येथे हार्वे कुशिंग यांनी विल्यम बोव्ही यांचे विद्युत्-उपकरण मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापरले. विजेच्या उष्णतेने रक्तवाहिन्यांची तोंडे बंद करण्याची ही पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली. तिने रक्त कमी झाले, पण धूर आला. हा धूर दृष्टी अडवितो आणि तेथे काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांनाही अपायकारक असतो. म्हणून विद्युत्-लेखणीलाच धूर ओढणारी नळी जोडण्याची रचना पुढे आली.

एकाच उपकरणात अनेक कामे जोडण्याचा मोह येथे होतो. हातातील उपकरणे बदलण्याचा वेळ त्यामुळे वाचतो, हे खरे. तथापि प्रत्येक नव्या कामाबरोबर उपकरणाची जाडी, वजन आणि मागे ओढणाऱ्या तारा व नळ्या वाढतात. क्षेत्र मोकळे करण्यासाठी जोडलेला भागच क्षेत्र झाकू लागला, तर रचना फसली असे समजावे.

पुण्यातील दोन उदाहरणे

डोळ्याच्या शस्त्रक्रियेत सारे क्षेत्र जेमतेम बारा मिलिमीटरांचे असते आणि बुबुळामागील पोकळी सुमारे तीन मिलिमीटर खोल असते. डोळा उघडल्यावर आतील द्रव वाहून गेला, तर ही पोकळी मिटते आणि काम करावयास जागाच उरत नाही. लहान छेदाच्या हस्तकौशल्याधारित मोतीबिंदू शस्त्रक्रियेत छेद तिरक्या बोगद्यासारखा घेतात. तो आपोआप मिटतो, त्यामुळे पोकळी टिकून राहते. दुपदरी नळीची एक बारीक कॅन्युला एका वाटेने द्रव आत सोडते आणि दुसऱ्या वाटेने मोतीबिंदूचे अवशेष ओढून घेते. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयातील वैद्यांनी ७४१ रुग्णांवर या पद्धतीची मोठ्या छेदाच्या जुन्या पद्धतीशी तुलना केली; तिचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांनंतर चष्म्याशिवाय ६/१८ किंवा त्याहून चांगली दृष्टी नव्या पद्धतीने ४७.९ टक्के, तर जुन्या पद्धतीने ३७.३ टक्के रुग्णांना लाभली होती. या पद्धतीला महागडे यंत्र लागत नाही, हे ग्रामीण रुग्णांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे.

दुसरे उदाहरण दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे. तीत शस्त्रवैद्याचा हात शरीराबाहेरच राहतो. आत जातात ती केवळ पाच ते दहा मिलिमीटर जाडीची उपकरणे. गर्भाशयग्रीवेच्या कर्करोगासाठी पुण्यातील डॉ. शैलेश पुणतांबेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा शस्त्रक्रियेची एक पद्धती बसविली आणि २४८ रुग्णांचा अनुभव २००७ मध्ये प्रसिद्ध केला. ती वैद्यकीय वाङ्मयात पुण्याच्या नावानेच ओळखली जाते. दुर्बिणीने हाताचा अडथळा दूर केला, परंतु भिंगावर बाष्प साचणे ही नवी अडचण आणली. त्यासाठी दुर्बीण आधी निर्जंतुक कोमट पाण्यात ठेवून शरीराच्या तापमानाजवळ आणतात.

खरेदी आणि देखभाल

उपकरणाची रचना कारखान्यात संपत नाही. ती टिकविण्याचे काम रुग्णालयात रोज करावे लागते. सक्शनची नळी वापरानंतर लगेच पाण्याने धुतली नाही, तर आत रक्त वाळते. पुढील रुग्णाच्या वेळी ओढ कमी पडते आणि निर्जंतुकीकरणही अपुरे राहते. बारीक नळीसाठी तितकाच बारीक ब्रश हवा. चिमट्याचा सांधा उघडा ठेवूनच तो ऑटोक्लेव्हमध्ये घालावा, म्हणजे १२१ अंश सेल्सिअसची वाफ सर्वत्र पोचते.

खरेदीच्या वेळी काय पाहावे, याची एक यादी सुश्रुतानेच दिलेली आहे. यंत्र फार जाड, कच्च्या धातूचे, फार लांब, फार आखूड, न पकडणारे, वाकडेतिकडे पकडणारे, वक्र, सैल, अवाजवी उंचवट्याचे, कच्च्या खिळ्याचे, मऊ तोंडाचे किंवा दुबळ्या फासाचे नसावे, असे बारा यंत्रदोष त्याने सांगितले आहेत. यांतील बहुतेक दोष आजही नुसत्या डोळ्यांनी व बोटांनी तपासता येतात. त्यात आणखी तीन कसोट्यांची भर घालता येईल. उपकरण कामाच्या स्थितीत धरल्यावर टोक बोटांआड जाते काय? दिव्याखाली ते डोळ्यांत चमकते काय? त्याचे सर्व भाग उघडून धुता येतात काय? या कसोट्या ते वापरणाऱ्या शस्त्रवैद्याने आणि परिचारिकेने लावावयास हव्यात. नमुना त्यांच्या हाती न देता केवळ न्यूनतम दरावर निर्णय झाला, तर स्वस्त उपकरण कपाटात पडून राहते.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाल्यानंतर स्थापन झालेल्या रुग्ण कल्याण समित्यांत लोकप्रतिनिधींनाही स्थान मिळाले आहे. या समित्यांच्या बैठकीत इमारत व रंगरंगोटी यांबरोबरच काही साधे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. सक्शन यंत्र चालू आहे काय आणि वीज गेल्यास पायाने चालविण्याचे यंत्र जवळ आहे काय? चिमट्यांच्या अडकणी झिजल्या आहेत काय? सैल सांध्याची उपकरणे बाजूला काढली जातात काय? पुण्यासारख्या शहरात १८५४ पासूनचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय एकमेकांपासून फार दूर नाहीत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने शस्त्रक्रियागृहात शस्त्रवैद्याच्या खांद्यामागे उभे राहून त्याला काय दिसत नाही हे पाहिले, तर अनेक उपयुक्त रचना तेथूनच सुरू होतील. उपकरण काय करते यासोबत ते काय झाकते, हा प्रश्न रचनाकाराने, खरेदी करणाऱ्याने आणि देखभाल करणाऱ्याने सारख्याच आस्थेने विचारावयास हवा.